पान उघडून पाहिलं का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं संदर्भ देण्याबद्दलची आहेत. प्रबंध सादर करायचे दिवस जवळ आले की असंच होतं. चौतीस वर्षं मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली. शेवटच्या दोन महिन्यांत धापा टाकत येणारी मुलं तेव्हाही हेच विचारायची. पहिलं पत्र मी सविस्तर घेते आहे. त्यातला प्रश्न एका मुलीचा असला तरी तसं केलेली माणसं पुष्कळ आहेत.

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. मी बडोद्यातच पीएच.डी. करते. विषय सयाजीराव महाराजांच्या काळातलं स्त्रीशिक्षण. एका प्रकरणात मी लिहिलं की बडोदे संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ साली लागू झालं. खाली तळटीप दिली ती संस्थानच्या वार्षिक प्रशासन अहवालाची. सरांनी विचारलं, ‘बाकी सगळे १९०६ म्हणतात. हा अहवाल तू पाहिलास का?’ मी पाहिला नव्हता. एका मराठी पुस्तकात ती तळटीप होती, तीच मी उतरवून घेतली. ते पुस्तक माझ्या संदर्भसूचीत आहे, पण या वाक्याखाली त्याचं नाव नाही. सरांनी प्रकरण परत दिलं. मी चोरी केली असं मला कधी वाटलं नव्हतं, आता मात्र रात्री झोप लागत नाही. माझी चूक नेमकी कोणती आणि ती दुरुस्त कशी करू? — एक संशोधक विद्यार्थिनी, दांडिया बाजार

उत्तर : बाळ, आधी सालाचं बघू, कारण सगळी गुंतागुंत तिथंच आहे. दोन्ही सालं खरी आहेत. १८९३ साली महाराजांनी सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला तो अमरेली भागात. अमरेली काठेवाडात, बडोद्यापासून लांब, पण मुलूख संस्थानचाच. सगळ्या संस्थानात सक्ती आली ती १९०६ साली. तेव्हा ‘अमरेली’ हा एक शब्द वाटेत कुठं तरी गळला. त्या पुस्तकाच्या लेखकाकडून गळला असेल, नाही तर तुझ्या वहीत उतरवताना गळला असेल. तुझी तळटीप वाचून हे कुणालाच शोधता येणार नाही. पाच वर्षांनी एखादी मुलगी तुझा प्रबंध हातात घेऊन अहवाल काढायला जाईल. संस्थानभर सक्ती झाल्याचं तिला त्या अहवालात सापडणार नाही, आणि चुकलं कोण हे कळायचा मार्गही उरणार नाही. तो मार्ग त्या मधल्या पुस्तकातून जात होता, आणि नेमकं तेच तू झाकलंस.

तुझी चूक ही. तळटीप म्हणजे सही करून दिलेली साक्ष असते : हे पान मी उघडलं, हे वाक्य मी वाचलं. तू वाचलं होतंस मराठी पुस्तक आणि सही केलीस अहवालाखाली. कुणाचं वाक्य पळवावं असं तुझ्या मनात नव्हतं हे मला पटतं. पण त्या मराठी लेखकानं अहवाल शोधण्याची जी मेहनत केली, तिचं श्रेय तुझ्या नावावर आलं, हेही खरं आहे. आणि त्याची चूक असेल तर तीही तुझ्या नावावर आली.

आता दुरुस्ती. पहिला आणि चांगला मार्ग म्हणजे अहवाल प्रत्यक्ष पाहायचा. तू बडोद्यात राहतेस, हे तुझं मोठं भाग्य आहे. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय आहे. महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डनसाहेब या ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर वाचनालयं उभी केली, ती लोकांनी पुस्तकं उघडावीत म्हणून. संदर्भ विभागात जाऊन ‘बडोदे संस्थान, प्रशासन अहवाल’ असं विचार, हवं ते वर्ष सांग. अहवाल मिळाला की त्याचं पूर्ण नाव, वर्ष, छापल्याचं ठिकाण आणि पान उतरवून घे. मग तळटीप खुशाल अहवालाची दे. तिथं वाचलेलं मराठी पुस्तकाशी जुळत नसेल तर तेही त्याच तळटिपेत एका ओळीत सांग. तुझ्या संशोधनात ती ओळ भर घालेल.

दुसरा मार्ग, अहवाल मिळालाच नाही तर. आधी मूळ कागदाचं नाव लिही, मग ‘उद्धृत’ असा शब्द घाल, आणि पुढं तू वाचलेल्या पुस्तकाचा लेखक, नाव, पान लिही. शेवटच्या संदर्भसूचीत मात्र फक्त तू हाताळलेलं पुस्तक जाईल, अहवाल जाणार नाही. इंग्रजीत लिहिणाऱ्यांची संदर्भ देण्याची एपीए पद्धतही हेच सांगते : मजकुरात दोघांची नावं, यादीत एकाचं. काही मुलांना वाटतं, ‘उद्धृत’ लिहिलं की आपला अभ्यास कमी दिसतो. मी तरी अशी तळटीप पाहिली की लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवते. जो जिथं आपण मूळ पाहिलं नाही तिथं तसं सांगतो, त्याच्या बाकीच्या तळटिपा निर्धास्तपणे वाचता येतात.

हे मी इतक्या पोटतिडकीनं का लिहिते ते सांगते. नोकरीच्या दहाव्या-बाराव्या वर्षी एक प्राध्यापक माझ्याकडे आले. महाराजांच्या भाषणातलं म्हणून एक वाक्य त्यांना छापायचं होतं आणि कोणतं भाषण, कोणतं साल, एवढंच हवं होतं. मी म्हटलं, उद्या देते. ज्या पुस्तकात त्यांनी ते वाचलं होतं त्यात दुसऱ्या पुस्तकाचा हवाला होता. दुसऱ्यात तिसऱ्याचा. तिसरं पुस्तक आमच्याकडे नव्हतं, ते एका जुन्या वाड्यातल्या खाजगी संग्रहात मिळालं, वाळवीनं कडा खाल्लेलं. त्यात ते वाक्य होतं, अवतरणचिन्हात होतं, आणि खाली काहीही नव्हतं. ना भाषण, ना तारीख. मग छापील भाषणांचे खंड मी पानन् पान चाळले. जेवणाच्या सुट्टीत, संध्याकाळी कपाटं बंद करायच्या आधी, असे पावणेदोन महिने गेले. वाक्य मिळालं नाही. तीन लेखक, तिघंही शिकलेले, आणि प्रत्येकानं आधीच्याचं पान उघडून न पाहता सही केलेली. त्या प्राध्यापकांनी ते वाक्य शेवटी गाळलं. माझ्या मनातून मात्र ते गेलं नाही. महाराज तसं म्हणाले असतीलही. पण आपल्या हातात पुरावा नाही आणि तो आता कुठं शोधायचा याचा धागाही नाही.

आणखी एक, तुझ्या पत्राच्या मागच्या बाजूला तू विचारलं आहेस : प्रत्येक वाक्याखाली तळटीप हवीच का? नको. सयाजीराव १८७५ साली गादीवर आले, विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं, या गोष्टी कुठल्याही संदर्भग्रंथात एकसारख्या सापडतात आणि त्यावर वाद नाही. जिथं आकडा आहे, कुणाचं मत आहे, कुणाचे शब्द आहेत, किंवा दोन पुस्तकांत दोन गोष्टी आहेत, तिथं मात्र टीप हवी. तुझ्या १८९३ला ती हवीच होती.

प्रश्न : माझ्या प्रबंधाची संगणकावरची साम्यतपासणी झाली, म्हणजे इतरांच्या लेखनाशी किती मजकूर जुळतो ते पाहिलं, २३ टक्के आले. मैत्रीण म्हणते, दहाच्या खाली आणलंस की सुटलीस, शब्द बदलून टाक. माझी बरीच साधनं गुजराती आहेत, मी ती मराठीत आणून लिहिली आहेत. तो भाग यंत्रानं धरलाच नाही, म्हणजे तो ठीक आहे ना? — वाघोडिया रोड

उत्तर : नियम आधी नीट समजून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारून पुन्हा सादर करावं लागतं. चाळीस ते साठमध्ये सुधारलेला प्रबंध द्यायलाही वर्षभर बंदी, साठच्या वर नोंदणीच रद्द. आता यात काय मोजत नाहीत ते पाहा : योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, आणि सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी किंवा योगायोगानं जुळलेले सलग चौदापर्यंत शब्द. तेव्हा २३चा आकडा पाहून घाबरण्याआधी साम्यतपासणीच्या अहवालाची पानं उलटा. अवतरणं आणि सूची धरून २३ आले असतील तर त्या वगळून तपासणी करून घ्या.

पण मैत्रिणीचा सल्ला ऐकू नका. ‘स्थापना केली’च्या जागी ‘पाया घातला’ लिहिल्यानं विचार तुमचा होत नाही. त्याच नियमांत वाङ्मयचौर्याच्या व्याख्येत दुसऱ्याच्या कामाबरोबर दुसऱ्याचा विचारही आहे. परिच्छेद बाजूला ठेवा, पुस्तक मिटा, आणि आपल्याला काय समजलं ते घरच्या माणसाला सांगावं तसं लिहा. खाली टीप द्या. तुमचं स्वतःचं वाक्य असंच तयार होतं.

गुजराती भागाची मला जास्त काळजी वाटते. आपण बडोद्याचे मराठी लोक दोन भाषांत जगतो. भाजीवाल्याशी एक, देवघरात दुसरी. त्यामुळे गुजरातीतलं मराठीत आणताना आपण काही घेतलं असं वाटतच नाही. यंत्रानं ते धरलं नाही, कारण ते अक्षरं जुळवतं. एखाद्या गुजराती लेखिकेनं गावोगाव फिरून जमवलेली माहिती तिचीच राहते, लिपी बदलली म्हणून तुमची होत नाही. शब्दशः आणलं असेल तर अवतरणचिन्ह, मूळ पुस्तक, पान, आणि कंसात ‘अनुवाद माझा’. सारांश असेल तर अवतरणचिन्ह नको, टीप हवीच. संदर्भसूचीत पुस्तकाचं नाव गुजरातीत जसं आहे तसं देवनागरीत लिहा आणि पुढं ‘गुजराती’ असं नोंदवा. नावाचं भाषांतर करून ठेवलंत तर ग्रंथालयात ते पुस्तक कुणालाही सापडणार नाही. या चुकीमुळे माझ्याकडची किती तरी मागणीपत्रं परत गेली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त आहे, वय ७४. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचा इतिहास लिहितो आहे. कागद थोडे, बहुतेक माहिती शेजारच्या ९१ वर्षांच्या आजींनी सांगितलेली. लेखाबरोबर तुकोबांचे अभंगही द्यायचे आहेत. संदर्भ कसे द्यायचे? — रावपुरा

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. तुम्ही करताय ते काम वेळेवर झालं नाही तर पुन्हा होत नाही. आजींकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा चार गोष्टी नोंदवा : त्यांचं पूर्ण नाव, वय, तारीख, आणि बोलणं कुठं झालं. आवाज मोबाइलवर घ्या, पण आधी विचारा, आणि नाव छापलेलं चालेल का हेही विचारा. नको म्हणाल्या तर ‘मंडळाच्या एक जुन्या सदस्या, वय ९१’ एवढंच. टिपेत लिहायचं : मुलाखत, नाव, ठिकाण, तारीख, ध्वनिमुद्रण लेखकाकडे. ती फीत मंडळात आणि आणखी एका घरी ठेवा. वाचकाला पाहता येईल असं काही मागं असलं की मुलाखत पुस्तकाच्या तोलाची होते. आजींनी सांगितलेलं साल आणि मंडळाच्या जमाखर्चाच्या वहीतलं साल वेगळं निघालं तर दोन्ही द्या. आजींचं खोडू नका. माणसाला साल आठवतं ते लग्न, बाळंतपण, पूर अशा खुणांवरून, आणि ती खूण पुष्कळदा सालाहून मोलाची असते.

अभंगांचं म्हणाल, तर नुसता क्रमांक देऊन भागत नाही. गाथेच्या वेगवेगळ्या प्रतींत क्रमांक वेगळे आहेत. कोणती गाथा, कुणी संपादली, कोणत्या साली छापली हे एकदा सुरुवातीला सांगा आणि मग क्रमांक द्या. ज्ञानेश्वरीला अध्याय आणि ओवी, पान नको, कारण पान प्रत्येक छपाईत बदलतं. हेच कागदपत्रांना. रियासतकार सरदेसाई, ज्यांनी आयुष्यातली बरीच वर्षं आपल्या बडोदे संस्थानच्या सेवेत घालवली, त्यांनी पेशवे दप्तराचे ४५ खंड संपादून काढले. त्यांतलं पत्र सांगायचं तर खंड आणि पत्राचा क्रमांक.

कधी विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिर या संशोधनसंस्थेत गेलात तर वाल्मीकी रामायणाच्या चिकित्सित आवृत्तीचं कुठलंही पान पाहून या. १९६० ते १९७५ या काळात सात कांडं तिथून निघाली. पानाच्या वरच्या भागात श्लोक, आणि खाली बारीक अक्षरात कोणत्या हस्तलिखितात कोणता शब्द वेगळा आहे त्याच्या नोंदी. पहिल्यांदा मी ते पान पाहिलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि किती तरी वेळ खालचाच भाग वाचत बसले होते. एका शब्दासाठी कुठल्या कुठल्या गावच्या पोथ्या उघडल्या होत्या त्या माणसांनी. आणि श्लोकांचे आकडे बाजारात मिळणाऱ्या प्रतीशी जुळत नाहीत हेही तिथंच ध्यानात आलं. तेव्हापासून ‘रामायण, अयोध्याकांड’ एवढीच टीप दिसली की मी पुढं विचारते : कोणती आवृत्ती?

प्रश्न : मोबाइलवरच्या चॅटबॉटला विषय सांगितला, त्यानं बारा संदर्भ दिले. तीन कुठंच सापडत नाहीत. ते ठेवू का? — एम.ए. विद्यार्थी, सयाजीगंज

उत्तर : काढ. आजच काढ. ही यंत्रं लेखकाचं नाव, नियतकालिकाचं नाव, साल, पान सगळं खरं वाटेल असं जुळवून देतात आणि तसा लेख कधी लिहिलेलाच नसतो. उरलेले नऊ सापडले म्हणतोस, पण सापडले म्हणजे नाव दिसलं की लेख उघडून वाचलास? लेखाला डीओआय क्रमांक, म्हणजे त्या लेखाची कायमची ओळख सांगणारा क्रमांक, असेल, तो १० या आकड्यानं सुरू होतो, तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. थेट लेखापर्यंत जायला हवा. गेला, तर लेख वाच. तुझ्या वाक्याशी त्याचा खरंच संबंध असेल तरच ठेव. बारातले चार उरले तरी चालतील. दांडिया बाजारच्या मुलीला वर जे लिहिलं ते तूही वाच.

प्रश्न : ‘तत्रैव’ आणि ‘उनि’ कधी वापरायचं? मार्गदर्शक एक सांगतात, सहपरीक्षक दुसरं. — जुनी पाणीगेट

उत्तर : लगेच आधीच्याच टिपेतला ग्रंथ असेल तर तत्रैव. मध्ये दुसरे ग्रंथ येऊन गेले आणि पुन्हा त्याच ग्रंथाकडे आलात तर लेखकाचं आडनाव आणि ‘उनि’, म्हणजे वर निर्देश केलेला. माझा सल्ला मात्र असा की दोन्ही टाळा. तुम्ही नंतर मध्येच एक नवी टीप घातलीत की खालचा ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. आडनाव, पुस्तकाचं आखूड नाव, पान, एवढं प्रत्येक वेळी लिहा. इंग्रजीतल्या शिकागो पद्धतीनंही २०१७च्या आवृत्तीपासून अशाच आखूड नोंदीकडे कल दाखवला आहे. विद्यापीठाचा लेखी नियम वेगळा असेल तर तो पाळा, पण मग पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तोच.

या पत्रात लेखिकेच्या दोन आडनावांबद्दलही विचारलं आहे. शीर्षकपानावर जे छापलं आहे तेच नाव द्या. माझ्या आत्याचे दोन लेख माहेरच्या नावानं आहेत, एक सासरच्या. तिन्ही लेखांची नोंद छापलेल्या नावानंच ठेवून एका नावापुढं ‘पाहा’ करून दुसरं नाव जोडायचं. दोन्ही नावं परस्पर एक करून टाकली तर ते जुने अंक शोधणाऱ्याला आत्या भेटणार नाही.

दुरुस्ती : मागच्या अंकात जुन्या पुस्तकांवरच्या सालांबद्दल लिहिताना मी म्हटलं होतं की विक्रम संवतातून ५७ वजा केले की इसवी सन मिळतो. वाडीतल्या एका वाचकांनी पत्र पाठवून ही चूक दाखवली, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. गुजरातेत संवत बदलतो तो दिवाळीनंतरच्या पाडव्याला. तेव्हा कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५७ वजा करायचे आणि जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६. बडोद्यात छापलेल्या गुजराती पुस्तकावर संवत १९५० असेल आणि महिना दिला नसेल, तर १८९३-९४ असं लिहावं. शके सालाचंही असंच. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९. मूळ पुस्तकावर जे साल आहे ते आधी लिहावं, आपण काढलेला सन कंसात. मागचा अंक घरात असेल तर त्या ओळीशेजारी पेन्सिलीनं एवढी दुरुस्ती करून ठेवावी ही विनंती. ग्रंथालयातल्या प्रतीत मी स्वतः जाऊन करून आले आहे.